सोलापूरच्या वाटेवरचा तांबडा दिवा

हिवाळ्याच्या दिवसांत तिन्हीसांजेला मोहोळहून पंढरपूरच्या रस्त्याला लागावे. दोन्ही अंगांना ऊस, मध्येच कणसावर आलेली ज्वारी, विहिरीवर पेटलेला एखादा दिवा. गाळपाचा हंगाम असला म्हणजे हा रस्ता रात्री झोपतच नाही. बीडकडून आलेल्या टोळ्यांच्या टायरगाड्या, वाढ्याचे भारे डोक्यावर घेतलेल्या बाया, दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, दुधाच्या किटल्या अडकवलेल्या मोटारसायकली, सगळे एकाच वाटेने चाललेले असतात. हवेला उसाच्या रसाचा गोडसर वास असतो. आमच्या सोलापूर जिल्ह्याला पूर्वी लोक दुष्काळाने आणि मालदांडी ज्वारीने ओळखत. १९८० साली भीमेवरचे उजनी धरण पुरे झाले, कालव्याचे पाणी फिरले आणि ऊस वाढला. पाण्याबरोबर कारखाने आले, कारखान्यांबरोबर ट्रॉल्या आल्या. या ट्रॉल्यांच्या पाठीमागच्या बाजूविषयी आज चार शब्द लिहायचे आहेत.

वाचकहो, मी हुद्द्याने विस्तार अधिकारी, शिक्षणाने शेतकीचा पदवीधर. उभा जन्म लोकांना सांगण्यात गेला. बियाण्याला औषध चोळा, माती तपासा, पाणी मोजून द्या. सांगणाऱ्याच्या घरी काय चालते ते कोणी पाहायला येत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. माझ्या बाबतीत तो अंधार खरोखरच दिव्याखालचा निघाला.

माझ्याकडे एक जुनी डिझेल जीप आहे. पावसाळ्यात काळ्या रानातल्या पाणंदीतून दुसरी गाडी जात नाही, म्हणून ती ठेवली. तिच्या मागे जोडायला दोन चाकांचा एक लहान ट्रेलर करून घेतला होता. मेळाव्याच्या सतरंज्या, फलक, फवारणीचे पंप, मातीच्या नमुन्यांच्या पिशव्या, सगळे त्यात बसे. तीन वर्षांपूर्वी, संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात, पेनूरच्या अलीकडे एका शिवारात ज्वारीचा शेतदिन होता. कार्यक्रम लांबला. सामान भरून पाणंदीतून डांबरी रस्त्यावर चढलो तेव्हा काळोख पडला होता. पुढचे दिवे लख्ख होते. मागचे पाहायला मी खाली उतरलो नाही.

फर्लांगभर गेलो असेन. मागे धाडकन आवाज झाला आणि जीप हिसकली. उतरून पाहतो तर एक मोटारसायकल ट्रेलरच्या फळीखाली शिरलेली, किटल्या उलटून दूध डांबरावर पसरलेले, आणि एक चाळिशीचा गडी कुशीवर पडून पाय धरून कण्हत होता. मी बॅटरीचा उजेड टाकला तेव्हा त्याने मला ओळखले. दुपारी माझ्याच शेतदिनाला तो पहिल्या रांगेत बसला होता. म्हणाला, "साहेब, तुमचा डबा दिसलाच नाही वो."

त्याच जीपमधून त्याला मोहोळला दवाखान्यात नेले. नडगीचे हाड मोडले होते. पोलिसांत नोंद झाली, मी जे खरे ते सांगितले. दुसऱ्या दिवशी उजेडी ट्रेलर पाहिला. जीपकडून ट्रेलरकडे जाणारी वायर नुसती पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेली होती. ती लोंबून जमिनीला लागत असे. तुरीच्या तोडलेल्या खुंटांवरून जाताना कुठल्याशा खुंटाने ती ओढून तोडली होती. कधी तुटली, देव जाणे. त्या दिवशी की आठ दिवसांपूर्वी, हेही मला सांगता येईना.

चार दिवसांनी त्याच्या घरी गेलो. अंगणात त्याची म्हातारी आई म्हशीला वैरण टाकत होती. पोरगा खाटेवर पडलेला, सून शेतात, धारा काढायचे काम या वयात तिच्याकडे आलेले. मी खर्चाचे बोललो. तिने ते ऐकून घेतले आणि म्हणाली, "पैशाचं ऱ्हाऊ द्या. तुमी समद्या गावाला शिकवता. तुमच्या गाडीला मागं दिवा नव्हता का वो, सायेब?"

याला उत्तर नव्हते. त्याच आठवड्यात जीपला ट्रेलर जोडून, दिवसाउजेडी, मी सोलापूरची वाट धरली.

मोहोळहून सोलापूर पस्तीस किलोमीटरच्या आसपास. लांबोटीला सीना नदी लागते. इथला चिवडा प्रसिद्ध आहे. येणारा-जाणारा प्रवासी पुडा घेतल्याशिवाय सहसा पुढे जात नाही. मीही घेतला. पुढे कोंडी, मग केगाव. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, २००५ साली सुरू झालेले. तिथे प्रशिक्षणाला मी कितीदा तरी गेलो आहे. बाळे ओलांडले की शहर सुरू होते. संक्रांतीचे दिवस असल्याने सिद्धेश्वराच्या गड्ड्याची यात्रा भरलेली, नंदीध्वजांची मिरवणूक पाहायला खेड्यापाड्यांतून लोक उतरलेले. तळ्याकडे तोंड करून मनोमन हात जोडले आणि हैदराबाद रस्त्याकडे वळलो. तिकडे बाजार समितीच्या अंगाला कांद्याच्या गाड्यांची ही रांग लागलेली. जिथे मालगाड्या थांबतात तिथे पंक्चरवाले, पाटे ठोकणारे आणि वायरिंगचे मिस्त्री आपोआप जमतात. अशाच एका पत्र्याच्या टपरीत मला हवा तो माणूस सापडला.

मिस्त्री साठीकडे झुकलेला. घरची भाषा तेलुगू, बोलणे सोलापुरी मराठी, हाताखालची पोरे त्याला अण्णा म्हणत. वडील चादरीच्या मागावर होते. हाही लहानपणी मागावर बसलेला, पुढे वायरीकडे वळला. "तिथंबी रंगाचे धागे, इथंबी रंगाचे धागे," तो म्हणाला, "पण तिथं चुकलं तर चादर बिघडती. इथं चुकलं तर माणूस जातंय." मी काय घडले ते त्याला सांगितले नव्हते. मग सांगितले. तो काही बोलला नाही. चहा मागवला आणि ट्रेलरखाली शिरला.

बाहेर आला तो हसतच. "साहेब, तुमची तुटकी वायर जोडून दिली असती तरी दिवा नीट लागला नसता. तुमच्या ट्रेलरला अर्थची वायरच नाही. हुकवर भरवसा ठेवला व्हय? हुक ओढायला असतंय, करंट न्यायला नव्हं."

ही गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. आपण शेतकरी मंडळी विजेलाही पाण्याच्या हिशेबाने समजून घेतो. पाटाने पाणी गेले, वाफा भिजला, काम झाले. विजेचे तसे नाही. बॅटरीतून निघालेली वीज दिव्यातून जाऊन पुन्हा बॅटरीपाशी परत आली पाहिजे. जाण्याची वाट आणि येण्याची वाट, दोन्ही मोकळ्या असतील तरच दिवा पेटतो. गाडीत परतीची वाट म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा. त्यालाच मिस्त्री लोक अर्थ म्हणतात. ट्रेलरचा सांगाडा मात्र गाडीला फक्त हुकाने टेकलेला असतो. त्या हुकावर ग्रीस, गंज आणि धूळ. गाडी हिंदकळली की तो टेकतो, सुटतो, पुन्हा टेकतो. मग दिवा मिणमिणतो, डावा इंडिकेटर लावला की टेललॅम्पच लुकलुकतो, ब्रेक दाबला की उजेड वाढायच्या ऐवजी कमी होतो. असे काही दिसले की बल्ब बदलत बसू नये, आधी अर्थ पाहावा. अण्णाने बॅटरीच्या उणे बाजूपासून एक सुटी वायर थेट ट्रेलरच्या दिव्याला लावून दाखवली. मिणमिणता दिवा क्षणात लालबुंद झाला. साऱ्या आजाराचे मूळ तेवढेच होते.

मग सात पिनांचे सॉकेट काढले. गोल, झाकणाचे, स्प्रिंगने आपोआप मिटणारे. १२ व्होल्टच्या गाड्यांसाठी याच्या पिनांचा क्रम आंतरराष्ट्रीय मानकाने ठरलेला आहे. आयएसओ १७२४ असे त्याचे नाव. त्या क्रमाने जोडले तर जोडीदाराची किंवा भाड्याची ट्रॉलीही आपल्या गाडीला लागते. पहिली पिन डाव्या इंडिकेटरची, रंग पिवळा. दुसरी निळी, ती धुक्याच्या दिव्याची, आपल्याकडे बहुधा रिकामीच राहते. तिसरी पांढरी, अर्थची. चौथी हिरवी, उजव्या इंडिकेटरची. पाचवी तपकिरी, उजव्या टेललॅम्पची. सहावी तांबडी, ब्रेकच्या दिव्याची. सातवी काळी, डाव्या टेललॅम्पची. मात्र हे रंग सॉकेटकडच्या वायरीचे. गाडीतल्या वायरींचे रंग कंपनीगणिक वेगळे असतात आणि जुन्या गाडीत तर मागच्या मिस्त्रीला जी मिळाली ती वायर घातलेली असते. म्हणून रंगावर जाऊ नये, पिनेचा आकडा पाहावा आणि प्रत्येक वायर टेस्ट लॅम्प लावून ओळखावी.

अण्णाने तसेच केले. जीपच्या मागच्या दिव्यांकडे येणाऱ्या वायरी उघड्या केल्या. मला चालकाच्या जागी बसवले. "पार्किंग लावा. आता ब्रेक दाबा. आता डावा दाखवा." मी हुकूम पाळत होतो आणि तो दिवा पेटेल त्या वायरीला रंगीत दोऱ्याची गाठ मारत होता. सगळ्या ओळखून झाल्यावर बॅटरीची उणे बाजूची पट्टी काढून ठेवली आणि मगच पक्कड हातात घेतली. विजेचे काम असताना घाई करणाऱ्या पोराला त्याने तिथेच दम भरला.

दिव्यांसाठी दीड चौरस मिलिमीटरची वायर घेतली, अर्थसाठी अडीचची. मी कारण विचारले. "सगळ्या दिव्यांचा करंट जाताना वेगवेगळ्या वायरीनं जातोय, येताना एकाच वायरीनं येतोय," तो म्हणाला. हिशेब करून पाहिला तर खरेच. ब्रेकचे दोन बल्ब २१-२१ वॅटचे, टेललॅम्पचे दोन ५-५ चे, एक इंडिकेटर २१ चा, म्हणजे ७३ वॅट. १२ व्होल्टला भागले तर सहा अँपिअर. शेताच्या चाऱ्या अनेक असल्या तरी निचऱ्याचा चर मोठाच काढावा लागतो, तसेच हे.

जोड पिळून चिकटपट्टी लावण्याची पद्धत त्याने मोडीतच काढली. आमच्या उन्हाळ्यात पारा चव्वेचाळिसाच्या वर जातो. पट्टीचा गोंद पाघळतो, त्यात धूळ बसते, पट्टी सुटते. त्याने प्रत्येक जोड कथिलाने डाग देऊन पक्का केला, वर आकसणारी नळी चढवली. पत्र्याच्या भोकातून वायर नेताना रबरी कडे बसवले, नाहीतर पत्र्याची धार सुरीसारखी वायर कापते. पुरवठ्याच्या वायरीत फ्यूज घातला. जीपचा फ्लॅशर जुना, दोनच बल्बांचा भार सोसणारा. ट्रेलरचा बल्ब वाढल्याने इंडिकेटरची लय बिघडेल म्हणून जास्त भाराचा फ्लॅशर बसवला. आणखी एक खोड निघाली. ट्रेलरचे दिवे मी भंगारातून, मालट्रकचे आणले होते. त्यातले बल्ब २४ व्होल्टचे. आपली जीप आणि ट्रॅक्टर १२ व्होल्टचे. २४ चा बल्ब १२ वर लागतो, पण काजव्यासारखा. स्वस्तातला सौदा असा महागात पडतो. ते बदलले.

सॉकेट कुठे बसवायचे यावरही त्याचा विचार होता. रानातून, ओढ्यातून, चिखलातून जाणारी गाडी. हुकाच्या खाली बसवले तर पहिल्याच ओढ्यात चिखलाने भरेल. म्हणून हुकाच्या वर, एका बाजूला, तोंड किंचित खाली झुकवून बसवले, म्हणजे पाणी साचत नाही. पिनांना थोडे पांढरे व्हॅसलीन लावले. केबल इतकी ठेवली की पूर्ण वळण घेताना ताणू नये आणि सरळ चालताना जमिनीला लागू नये. मध्ये एक वेटोळे करून स्प्रिंगच्या कडीत अडकवले. शेवटी ट्रेलरच्या फळीला मागे तांबडे रिफ्लेक्टर ठोकले. "दिवा कधीतरी दगा देतोय. ह्याला करंट लागत नाही," हे त्याचे शेवटचे वाक्य.

सगळा खर्च डीएपीच्या दीड पोत्याइतका आला. दुधाची एक किटली सांडण्याने आणि एक पाय मोडण्याने जे झाले, त्याच्यापुढे तो काहीच नव्हे.

संध्याकाळी परत निघालो. लांबोटीच्या पुढे अंधार पडला. मुद्दाम एका टपरीपाशी थांबलो, दिवे चालू ठेवून मागे शंभर पावले चालत गेलो. दोन तांबडे ठिपके स्पष्ट दिसत होते. तिथेच उभा राहून रस्ता पाहत राहिलो. उसाचे ट्रॅक्टर जात होते. एकाच्या टपावर रंगीबेरंगी झगमगाट, पुढे फुलांच्या माळा, गाण्याचा आवाज दोन शेते ओलांडून जाईल असा. आणि मागे? दुसऱ्या ट्रॉलीच्या पाठीमागे मिट्ट काळोख. बाहेर आलेल्या उसाच्या टोकांनी जो काही दिवा असेल तोही झाकलेला. पाहुण्यांपुढे फेटा बांधून जावे आणि धोतर मागे फाटलेले असावे, तसा प्रकार.

मोटारसायकलवाला ताशी पन्नास किलोमीटरने येतो म्हणजे सेकंदाला चौदा मीटर. त्याचा दिवा खाली पाडलेला, समोरून येणाऱ्या गाडीने डोळे दिपलेले. काळी ट्रॉली त्याला पंचवीस-तीस मीटरवर आल्यावर दिसते. हे काय आहे हे उमजून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक-दीड सेकंद जातो. तेवढ्यात पंधरा-वीस मीटर संपतात. उरलेल्या दहा मीटरांत गाडी थांबत नाही. तो पोरगा दारू प्यालेला नसतो, आंधळाही नसतो. त्याला वेळच मिळत नाही. मागचा दिवा त्याला वेळ देतो. रस्ते आता रुंद झाले, वेग वाढला, तशी या वेळेची किंमतही वाढली. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत दिवे आणि रिफ्लेक्टर यांची सक्ती आहेच. पण साहेबाच्या पावतीच्या भीतीने लावलेला दिवा हंगामभर टिकत नाही. मागून येणारा आपल्याच गावचा आहे, हे ध्यानात ठेवले तर टिकतो.

तेव्हा मंडळी, एवढे करावे. ट्रॉली जोडली की एकाने बसावे आणि घरातल्या पोराने किंवा घरधनिणीने मागे उभे राहावे. पार्किंग, ब्रेक, डावा, उजवा, चार गोष्टी पाहायला एक मिनिट पुरे. उसाची मोळी दिव्यावर लोंबत असेल तर छाटावी. दिव्यावरची धूळ रोज फडक्याने पुसावी. ट्रॉली रस्त्यात बंद पडली तर आधी ती डांबरावरून बाजूला घ्यावी. न हलली तर मागे लांबवर माणूस बॅटरी घेऊन उभा करावा. दगड ठेवले तर निघताना ते उचलायला विसरू नये, नाहीतर पुढचा अपघात त्या दगडांवर होतो. बैलगाडीला वायर नको. मागच्या बाजूला तांबडे रिफ्लेक्टर मारले तरी पुष्कळ झाले. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. ट्रॉलीच्या बाबतीत पुढच्यानेच शहाणे व्हायचे असते, कारण ठेच मागच्याला लागते.

पुढच्या आठवड्यात पुन्हा त्या घरी गेलो, जीपला ट्रेलर जोडूनच. दिवस मावळायला आला होता. म्हातारीला म्हटले, "मावशी, जरा मागे उभ्या राहता का?" ती काठी टेकत मागे गेली. मी ब्रेक दाबला.

थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग मागून ती म्हणाली, "पेटला." आणि लगेच म्हणाली, "आता रोज कुणाला तरी असंच विचारत जावा."

तेव्हापासून विचारतो.